शह बसल्यावर उडालेला राजा

“हा जाऊ दे,” अशी खूण करून रशियन साहेबानं माझा हत्ती पटावरून उचलला आणि आपल्या उकडलेल्या अंड्याशेजारी ठेवून दिला. मी हळहळलो. हत्ती म्हणजे काय लहानसहान सोंगटी आहे? लहानपणी बाबांनी माझं साधं प्यादं मारलं तरी मी जेवायला उठत नसे. पण साहेब बोट हलवत राहिला. मग त्यानं माझा उंट उचलला, थेट शत्रूच्या राजापुढं नेऊन ठेवला आणि तोही मरू दिला. पाठोपाठ घोडा उडाला, वजीर धावला आणि सात-आठ चालींत समोरचा राजा असा उघड्यावर आला, जसं अंघोळीला बसलेल्या माणसाच्या न्हाणीचं दारच कुणी काढून न्यावं.

“खराशो?” साहेबानं विचारलं.

“खराशो,” मी म्हणालो. मला काही कळलं नव्हतं, पण जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि माझी अर्धी भाकर अजून डब्यात होती.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात तेव्हा पहिली भट्टी पेटली होती आणि दुसरी पेटायची होती. मी क्रेनवरचा इलेक्ट्रिशियन. साहेब क्रेन उभारायला आलेला तज्ज्ञ. वयानं माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, अंगानं दुप्पट, आणि उन्हात टोमॅटोसारखा लाल होणारा. आमचा दुभाष्या सुट्टीत कॅन्टीन गाठायचा, त्यामुळं आम्हा दोघांचं संभाषण “खराशो” (म्हणजे छान), “न्येत” (म्हणजे नाही) आणि “चलो” या तीन शब्दांवर आणि दोन जोडी हातांवर चाले. साहेबाच्या खिशात एक छोटा पट असे. सोंगट्यांना खाली खुंट्या, पटाला भोकं. क्रेन हलली तरी डाव हलत नसे. एका रिकाम्या खोक्यावर तो पट मांडून आम्ही रोज अर्धा तास बसायचो, आणि रोज मी हरायचो.

हा जो डाव त्यानं मला शिकवला, त्याला म्हणे बचाव म्हणतात. यात बचाव कुठं आहे हे मला आजतागायत कळलेलं नाही. आपल्या घराला आग लागली तर पाणी आणायला न धावता शेजाऱ्याच्या छपरावर काडी टाकायची, असा तो प्रकार. समोरचा घोडा आपल्या राजाजवळच्या प्याद्यावर डोळा ठेवून पुढं येतो. शहाणा माणूस ते प्यादं सांभाळेल. आपण ते सांभाळायचं नाही. आपण उंट काढून त्याच्या राजाकडं बघायचं. तो प्यादं मारतो, हत्तीवर नजर टाकतो. टाकू दे. तोवर आपण त्याच्या घरात शिरलेलो असतो. एक चाल इकडची तिकडं झाली, की मात आपल्यालाच.

असला डाव माझ्यासारख्या माणसाच्या हाती देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पण साहेबाला ते ठाऊक नव्हतं.

मी तो डाव पाठ केला. क्रेनच्या केबिनमधल्या पॅनेलच्या दाराला आतून खडूनं चाली लिहून ठेवल्या. एकदा फोरमननं दार उघडलं.

“ये क्या लिखा है? घोड़ा इधर, ऊँट उधर, वज़ीर सामने?”

“सर, फेज का क्रम है,” मी म्हणालो. “मराठी में ऐसे ही याद रखते हैं.”

फोरमन पंजाबकडचा. त्यानं मान हलवली आणि दार लावलं. पुढं आठवडाभर तो दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला विचारत होता, की तुझ्या पॅनेलमध्ये घोडा का नाही.

पण या नव्या बुद्धिबळाची माझी खरी अडचण वेगळीच होती. मी शिकलो होतो तो आमचा देशी खेळ. बाबा गोंदियाला रेल्वेत केबिनमन होते. दिवसभर लिव्हर ओढून घरी आले, की गोणपाटावर कापडी पट पसरायचे. त्यांच्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं, आणि राजाला साऱ्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायची मुभा असायची. मात्र एकदा का राजाला शह बसला, की ती मुभा गेली. बाबा म्हणायचे, “एकदा धाक बसला का राजाची उडी संपली. मंग तो तुह्यामाह्यासारखा पायी चालते.”

साहेबाच्या खेळात असली उडी नव्हतीच. पहिल्या महिन्यात मी चार-पाचदा राजा उडवला आणि प्रत्येक वेळी साहेब “न्येत! न्येत! न्येत!” असं ओरडला. वरच्या क्रेनवाल्याला वाटलं खाली कुणाला तरी शॉक लागला. हळूहळू डोक्यातनं ती उडी गेली. हातातनं गेली नव्हती, हे पुढं कळलं.

आता मुद्द्याचं. साहेबाचा मुक्काम संपत आला. महिनाअखेर तो मायदेशी जाणार होता. त्याआधी आमच्या क्लबात रशियन पाहुण्यांशी चार पटांचा मैत्रीचा सामना ठरला, एका रविवारी दुपारी. चारांतल्या तीन जागा आधीच ठरल्या होत्या. ते तिघे खरोखरच चांगले खेळाडू होते. चौथी जागा क्लबच्या स्पर्धेत जो पहिला येईल त्याची. दुभाष्यामार्फत कळलं, की चौथ्या पटावर माझाच साहेब बसणार. मोठ्या खेळाडूंशी खेळायचं तो टाळायचा. सुट्टीच्या दिवशी डोकं कशाला तापवायचं, असं त्याचं म्हणणं.

मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की मी एक मूर्खपणा केला. स्पर्धा सुरू होऊन जेमतेम दोन डाव जिंकलो होतो, तेवढ्यात मी बाबांना पोस्टकार्ड टाकलं: ‘येत्या रविवारी क्लबात माझा रशियन साहेबाशी बुद्धिबळाचा सामना आहे. तब्येत सांभाळावी.’

बायकोनं कार्ड वाचलं नव्हतं, पण मी ते मोठ्यानं म्हणत लिहिलं होतं.

“अवो, ठरला का सामना?”

“ठरल्यासारखाच आहे.”

“ठरल्यासारखा म्हंजे?”

“म्हणजे एवढे तीन डाव जिंकले की ठरला.”

“आन् हारले तं?”

“तर दुसरं कार्ड टाकू.”

“आपल्या लग्नाच्या येळेलेही तुमच्या बाबानं असंच पोस्टकार्ड टाकलं होतं, पोरगा सुपरवायझर हाय म्हणून,” ती म्हणाली आणि पिठाचा डबा घेऊन आत गेली. मी अजूनही सुपरवायझर नव्हतो.

पुढचे दोन डाव मी जिंकलो. कसे, ते विचारू नका. एकात समोरच्याला शिफ्टची बस गाठायची होती, दुसऱ्यात समोरच्यानं वजीर धरायचा सोडून शेजारचा उंट उचलला आणि हात लावलेली सोंगटी चालवावीच लागते. त्याच्यावर मी फार हसलो. देव सगळं बघत असतो, हे मला तेव्हा आठवलं नाही.

उरला शेवटचा डाव. तो ठेवला होता सामन्याच्याच रविवारी, सकाळी. म्हणजे सकाळी जो जिंकेल तो दुपारी साहेबासमोर बसेल. आणि शनिवारी संध्याकाळी गोंदियाकडून माणूस निरोप घेऊन आला, की बाबा सकाळच्या पॅसेंजरनं दुर्गला उतरताहेत. पोराचा रशियाशी सामना बघायला.

दुर्गच्या स्टेशनवर मी सायकल घेऊन उभा. बाबा उतरले ते धुतलेलं धोतर, काळा कोट आणि हातात लाडवांचा डबा.

“हे कायले आणलं?”

“त्या साहेबासाठी. तू हारव त्याले, मी लाडू देतो. पावना हाय आपला, रडत जाऊ नये.”

सायकलच्या मागं बाबा आणि हॅन्डलला डबा. त्या मुरमाच्या रस्त्यानं सहा-सात मैल मी सांगू की नको सांगू करत होतो. शेवटी नाल्याच्या चढावर दम लागून उतरलो आणि सांगितलं.

“बाबा, साहेबाशी सामना दुपारी आहे. पण त्याच्याआधी सकाळी एक डाव जिंकावा लागते.”

“कोणाशी?”

“ड्रॉइंग ऑफिसचे हेड ड्राफ्ट्समन आहेत. मद्रासकडचे.”

“चांगला खेळते?”

“कधी हरत नाही म्हणतात.”

बाबाही खाली उतरले. मग म्हणाले, “कार्डात हे लिवलं नव्हतं तू.”

“जागा नव्हती.”

“‘तब्येत सांभाळावी’ लिवाले जागा होती,” बाबा म्हणाले, आणि चढ संपेपर्यंत पायीच चालले.

क्लब म्हणजे तेव्हा एक लांबोडकी पत्र्याची शेड. एका टोकाला कॅरम, दुसऱ्या टोकाला आमचे पट. पंच होते दुर्गच्या शाळेतले गणिताचे गुरुजी. हातात नियमांचं इंग्रजी पुस्तक आणि त्यात खुणेला आगपेटीची काडी. टेबलावर दोन तोंडांचं घड्याळ, रशियन मंडळींनी क्लबला भेट दिलेलं. बाबांनी त्या घड्याळाकडं जाऊन दोन्ही तबकड्या निरखल्या आणि मला हळूच सांगितलं, “दोन्हीत टाइम वेगळा हाय. साहेबाले सांग, बिघडलं हाय.”

हेड ड्राफ्ट्समन आधीच बसले होते. कपाळावर गंध, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात चार पेन्सिली, चारही टोकदार. शेजारी कॉफीचा थर्मास. त्यांनी उठून हात जोडले, बाबांनाही नमस्कार केला आणि आपल्या वहीत चौकटी आखायला घेतल्या. प्रत्येक चाल ते अशा अक्षरात लिहीत, की त्यावरून पूल बांधावा.

पांढऱ्या सोंगट्या त्यांच्या. राजापुढचं प्यादं दोन घरं. मीही तेच. घोडा, घोडा. त्यांचा उंट, माझा दुसरा घोडा. आणि मग, मंडळी, त्यांचा घोडा उडी मारून पुढं आला आणि माझ्या राजाजवळच्या प्याद्यावर डोळा ठेवून बसला. थेट माझ्या पॅनेलच्या दारावर जसं लिहिलं होतं तसं!

मी उंट काढला आणि त्यांच्या राजाकडं रोखला.

हेड ड्राफ्ट्समननी माझ्याकडं बघितलं. मग पटाकडं. मग पुन्हा माझ्याकडं, जसा एखादा माणूस नकाशात बिनापायऱ्यांचा जिना बघून नकाशा काढणाऱ्याकडं बघेल.

“आप का प्यादा… मैं ले सकता हूँ,” ते अगदी सौजन्यानं म्हणाले.

“लीजिए,” मी म्हणालो. बोलायची परवानगी नव्हती, पण राहवलं नाही.

गुरुजींनी टेबलावर काडी आपटली. “बात नहीं, महराज.”

वीस मिनिटं विचार करून त्यांनी प्यादं मारलं. आता त्यांचा घोडा माझ्या वजीर आणि हत्ती दोघांवर डोळा ठेवून बसला होता. मी उंट नेऊन त्यांच्या राजापुढं आदळला, शह! राजानं उंट खाल्ला. घोड्याचा शह! राजा कोपऱ्यात सरकला. वजीर धावला. माझ्या मागं तोवर गर्दी जमली होती. कॅरमवाले स्ट्रायकर हातात घेऊनच आले. मी खुर्चीत जरा रेलून बसलो. एक पाय दुसऱ्यावर टाकला. आपण किती भारी खेळतो आहोत, हे आपल्यालाच कळायला लागलं की समजावं, खड्डा जवळ आहे.

त्यांच्या घोड्यानं माझा हत्ती खाल्ला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. जाऊ दे. मी दुसरा उंटही बाहेर काढला. त्यांचा राजा माझ्या वजिराच्या तावडीत सापडलेला. आणखी एक चाल मिळाली की मात. मी मनातल्या मनात साहेबासमोरच्या खुर्चीत बसून झालो होतो, बाबा लाडू वाटत होते.

आणि तेवढ्यात हेड ड्राफ्ट्समननी वजीर उचलला, आडवा पटाच्या कडेला नेला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “शह.”

पॅनेलच्या दारावर हे नव्हतं.

साहेबानं मला दुसऱ्याच्या राजाला कसं मारायचं ते शिकवलं होतं. माझाही एक राजा आहे, ही गोष्ट माझ्या ध्यानातूनच गेली होती. मधे प्यादं टाकून शह अडवता येत होता, तेवढं दिसलं. पण ते प्यादं टाकलं की काय होईल ते दिसेना. डोळ्यासमोर पोस्टकार्ड दिसायला लागलं. आणि त्या घाबरगुंडीत माझ्या हातानं, डोक्याला न विचारता, वीस वर्षांची सवय पुरी केली. मी राजा उचलला, अडीच घरांची झकास उडी मारून त्याला एका सुरक्षित घरात ठेवला आणि घड्याळाचं बटण दाबलं.

हेड ड्राफ्ट्समननी लिहिण्यासाठी पेन्सिल टेकवली होती. ती तिथंच थांबली. त्यांनी वहीतल्या चौकटीकडं बघितलं. ही चाल लिहायची कशी हेच त्यांना समजेना. मग त्यांनी शाळेतल्या मुलासारखं एक बोट वर केलं.

“गुरुजी, इनका राजा… उड़ गया.”

गुरुजी काही बोलायच्या आत माझ्या मागून आवाज आला. केबिनमनचा आवाज, मालगाडीच्या गार्डला या टोकाहून त्या टोकापर्यंत ऐकू जाणारा.

“अबे लेका! शह बसल्यावर राजा उडते का कुठं?”

“बाबा…”

“कोण शिकवलं तुले हे? मी तं नाही शिकवलं! उडी मारायची होती तं आधी मारायची! आता धाक बसला न त्याले! इज्जत घालवून राहिला माही!”

साऱ्या जगाच्या नियमानं चुकलो होतो, ते सोडा. बाबांच्या नियमानंही चुकलो होतो. एका चालीत दोन्ही देशांचं बुद्धिबळ मोडणारा माणूस त्या शेडमध्ये मी एकटाच.

“बाबूजी, आप बाहर बैठिए,” गुरुजी म्हणाले.

“बसतो, बसतो. पण त्याले सांगा, हे आमच्यातही चालत नाही!” असं सगळ्यांना बजावून बाबा बाहेर गेले आणि खिडकीच्या गजांतून आत बघायला लागले. एक कॅरमवाला पोट धरून खाली बसला होता.

गुरुजींनी घड्याळ थांबवलं, पुस्तक उघडलं, आगपेटीची काडी काढून कानावर ठेवली आणि निकाल दिला. चाल बेकायदा. राजा परत जागेवर. पण हात राजाला लागला आहे, तेव्हा आता चालवायचा तर राजाच. मधे प्यादं टाकता येणार नाही.

मी माझ्या मागच्या डावातल्या त्या बिचाऱ्याची मनोमन माफी मागितली.

राजाला जायला तीन-चार घरं होती. त्यातलं मी निवडलेलं घर फार खोल विचारानं निवडलं, असं सांगायला मला फार आवडेल. खरी गोष्ट ही, की बाबांची खिडकी डाव्या हाताला होती. मी राजा उजवीकडं, एक घर पुढं सरकवला. त्या आवाजापासून जितकं लांब जाता येईल तितकं. मग पाय खाली घेतला, हात मांडीवर ठेवले आणि हेड ड्राफ्ट्समन मला कसे मारतात ते बघत बसलो. उघड्या मैदानात उभा असलेला राजा. एखाद्या म्हाताऱ्यानं धोतर सावरत रेल्वे यार्डात यावं, तसा.

त्यांनी शह दिला. मी आणखी एक घर सरकलो. त्यांनी परत शह द्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला. द्यायला शहच उरला नव्हता. त्यांनी कॉफी ओतली. प्यायली नाही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. ते पटाच्या माझ्या बाजूकडं बघत होते, अगदी शेवटच्या ओळीकडं.

तिकडं काय आहे म्हणून मीही बघितलं.

तिकडं माझा दुसरा हत्ती होता. डाव सुरू झाल्यापासून कोपऱ्यात बसलेला, मी साफ विसरलेला. त्याच्या वाटेत आतापर्यंत माझाच राजा उभा होता. आता राजा बाजूला झाला होता आणि रूळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा! हत्ती तिथनं सरकला, की समोर त्यांच्या राजाची उघडी रांग. केबिनमनच्या पोराला एवढं तरी कळतंच, की लाइन क्लियर झाली की गाडी सोडायची असते.

त्यांनी काहीतरी केलं. काय केलं ते मला आठवत नाही, कारण काहीही केलं असतं तरी उपयोग नव्हता. मी हत्ती सोडला. शह. पुन्हा शह. तिसऱ्या चालीला हेड ड्राफ्ट्समननी आपला राजा अलगद आडवा केला, वहीत शेवटची चौकट भरली, तिच्याखाली पट्टीनं रेघ मारली आणि हात पुढं केला.

“आप प्यादा रखते,” ते सोंगट्या परत मांडून दाखवत म्हणाले, “तो मेरा घोड़ा उसको लेता. आप घोड़े को लेते. फिर मेरा वज़ीर यहाँ. शह, और फिनिश.” मी बघितलं. खरंच फिनिश होतं. शहाण्यासारखा खेळलो असतो, तर पाच मिनिटांत मेलो असतो. त्यांनी माझ्याकडं बघून पहिल्यांदाच हसून मान हलवली. “आपका राजा बहुत अच्छा गलती करता है.”

बाहेरून बाबा विचारत होते, “काय झालं? काय झालं बे? हारला का?”

“जिंकले तुमचे चिरंजीव,” कॅरमवाला ओरडला.

“त्या चालीवर?”

“त्याच चालीवर!”

बाबा आत आले ते डबा उघडतच आले आणि पहिला लाडू त्यांनी हेड ड्राफ्ट्समनच्या हातावर ठेवला. “तुमचं चूक नाही साहेब,” त्यांची समजूत घालत ते म्हणाले. “असा माणूस समोर बसला तं कोणीबी गोंधळते.” हेड ड्राफ्ट्समनना मराठी येत नव्हतं. त्यांनी लाडवाचा घास घेतला, डोळे मोठे केले आणि थर्मासच्या झाकणात बाबांना कॉफी दिली.

दुपारी रशियन मंडळींची बस आली. चार टेबलं, चार पट, पांढरे कपडे अंथरलेले. माझा साहेब कोट घालून आला होता. मी त्याला पहिल्यांदाच तेलाच्या डागांशिवाय बघत होतो. त्यानं मला चौथ्या पटाशी उभा बघितला आणि दोन्ही हात पसरून आला. “चलो!” तो म्हणाला. मीही म्हणालो, “चलो.”

पांढऱ्या त्याच्या. प्यादं दोन घरं. मीही. घोडा, घोडा, उंट, घोडा. मग हसू दाबत त्यानं घोडा पुढं उडवला आणि हाताची घडी घालून मागं रेलला. ये, असं त्याचे डोळे म्हणत होते. मी उंट काढला. साहेबानं मांडीवर थाप मारली. शेजारच्या तीन पटांवरच्या सहाही माणसांनी दचकून बघितलं.

आणि मग त्यानं प्यादं मारलं. पण घोड्यानं नाही, उंटानं.

मी बघतच राहिलो. महिनोन् महिने खोक्यावर बसून त्यानं मला सगळं शिकवलं होतं, पण हे नाही. हे त्यानं आजच्यासाठी राखून ठेवलं होतं. मी मान वर केली. साहेबाचा चेहरा टोमॅटोच्याही पुढं गेला होता आणि तो आवाज न करता, खांदे हलवत हसत होता. मीही हसायला लागलो. सगळा डावभर आम्ही दोघं हसत होतो आणि तो मला मारत होता. पंचविसेक चालींत मी राजा आडवा केला.

बाकी तीन पटांवरचे शांत, शहाणे डाव आटोपून मंडळी बसकडं निघाली होती. बाबा माझ्या मागं वाकले.

“काय झालं?”

“हरलो.”

“मंग हासून काहून राहिला?”

मला सांगायचं होतं, पण वेळ मिळाला नाही. साहेब भराभर सोंगट्या मांडत होता. मांडता मांडता त्यानं पट फिरवला. पांढऱ्या माझ्याकडं आल्या. बाहेर त्यांच्या बसचा हॉर्न वाजला, एकदा, दोनदा. साहेबानं खुर्ची खिडकीकडं सरकवली, गजांतून हात बाहेर काढला, ड्रायव्हरला जा म्हणून सांगितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाला, “चलो.”